आकृतीवरून स्पष्ट होईलच

शिवणकामाच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असतं : 'हे आकृतीवरून स्पष्ट होईलच.' पुस्तक झबल्या-टोपड्याचं असो की बारा कळ्यांच्या परकराचं असो, चार-दोन पानं उलटली की हे वाक्य भेटलंच म्हणून समजा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी सगळी विद्यार्थिदशा हिशेबाच्या पुस्तकांत गेली. पण 'ताळेबंद कसा जुळतो ते आकृतीवरून स्पष्ट होईलच' असं लिहायची छाती आमच्या एकाही लेखकाला झाली नाही. शिवणकामवाल्यांना ती होते. आणि नीट पाहिलं तर हे वाक्य नेमकं तिथेच येतं, जिथे लिहिणाऱ्या बाईंचे हात पुढे गेलेले असतात आणि शब्द धापा टाकत मागे राहिलेले असतात. बाईंना ती गोष्ट येत नसते असं नव्हे. इतकी येत असते की सांगता येत नाही.

मग आकृती. आकृतीत एक सरळ रेघ, एक ठिपक्यांची रेघ आणि एक बाण. बाणाच्या टोकाला 'अ', शेपटाला 'क'. आता 'ब' कुठे आहे? घरातली चार शिकलेली माणसं अर्धी संध्याकाळ 'ब' शोधतात. 'ब' मागच्या पानावर, बाहीत असतो.

यावर हसून पुढे जायला हरकत नाही. लोक जातातच. मी मात्र या वाक्यापाशी अडखळतो, कारण त्यामागे एक प्रश्न दबा धरून बसलेला आहे. जी गोष्ट सांगता येत नाही, ती पुस्तकात घालून विकावी का? आणि ती विकत घेऊन शिकणाऱ्याच्या हातून जे कापड बिघडतं, ते कुणाच्या नावे मांडायचं? बिघडतं हे तर नक्की. आणि बँकेतल्या माणसाला 'कुणाच्या नावे' हे ठरल्याशिवाय घरी जाता येत नाही.

गिल्बर्ट राईल नावाचे एक इंग्रज तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९४९ साली बजावून सांगितलं की एखादी गोष्ट 'अशी अशी आहे' हे ठाऊक असणं वेगळं आणि ती 'करता येणं' वेगळं. नियम पाठ केल्यानं करणी येत नाही. करणी आधी असते, नियम मागाहून कुणीतरी लिहून काढतो. मुद्दा बिनतोड आहे. फक्त हे त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं, एवढीच त्यातली गंमत.

आमच्या शाखेत हे तत्त्वज्ञान रोज संध्याकाळी सिद्ध होत असे. मी नोकरीला लागलो तेव्हा दिवसभराची व्हाउचरं शिवून ठेवायची पद्धत होती. शिवून म्हणजे अक्षरशः शिवून, जाड दोरा आणि दाभण घेऊन. व्हाउचरं नीट शिवावीत असं नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं आणि ते आम्हा सगळ्या पदवीधरांना ठाऊक होतं. पण त्या गठ्ठ्यातून दाभण सरळ पार नेणं एकट्या दफ्तरींना यायचं. दफ्तरींनी ते पुस्तक उघडलेलंसुद्धा नव्हतं. ते रजेवर गेले की त्या दिवसाचा गठ्ठा एका अंगाला असा कलायचा, की ऑडिटर तारीख न बघता ओळखत, दफ्तरी या दिवशी रजेवर होते.

तेव्हा गुरू पाहिजे. आपल्याकडे तर गुरूवाचून पान हलत नाही. नामदेव महाराज शिंप्याच्या घरात जन्मलेले. प्रत्यक्ष पांडुरंगाशी त्यांचं रोजचं बोलणं-चालणं. पण गुरू केलेला नव्हता. त्यामुळे गोरोबाकाकांनी मडकी तपासायचं थापटणं डोक्यावर मारून 'हे मडकं कच्चं' असा निकाल दिला, अशी कथा आहे. मग महाराज विसोबा खेचरांकडे गेले. जिथे पांडुरंगाची ओळख चालली नाही, तिथे छापील आकृतीवरून पोलकं बेतणाऱ्यांची काय कथा!

दुसरं उदाहरण एकलव्याचं. तो गुरूशिवाय, गुरूच्या नुसत्या पुतळ्यासमोर बसून शिकला. पुतळा म्हणजे एका अर्थी पुस्तकच की. बोलत नाही, चुकलं तर सांगत नाही, तुम्ही विचारलं तर नुसता बघत राहतो. आणि इतकं करून, न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा गुरूनं मागितली ती अंगठा. अंगठा गेल्यावर बाण जसा सुटत नाही तसा सुईत दोराही ओवता येत नाही. त्या मानानं पुस्तक हा गुरू सभ्य. आपली दक्षिणा तो आधीच छापून ठेवतो, आणि तेवढ्यावर थांबतो.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरकाका बसायचे. शर्ट, लेंगे, नेहरू शर्ट शिवायचे. ते मात्र अस्सल गुरूच्या हाताखाली शिकलेले. कोल्हापुरात कुस्तीला वस्ताद असतो तसा शिवणालाही वस्ताद असतो. नवव्या वर्षी त्यांना वस्तादाकडे घातलं होतं. वडील कधी शर्ट टाकायला गेले की मी बरोबर असायचो आणि खालच्या चिंध्या गोळा करता करता त्यांचं बोलणं ऐकायचो.

"दोन वर्सं नुसती काजं केली, साहेब. काज वाकडं झालं की गज बोटावर. मग दोन वर्सं हेम."

पुढे कॉमर्सला गेल्यावर मला अॅडम स्मिथची टाचणी भेटली. एक टाचणी करायची तर अठरा कामं; ती वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात, असं त्यानं १७७६ साली लिहून ठेवलंय. मला तेव्हा दहा माणसं दिसली नाहीत, टेलरकाकांची बोटं दिसली. काजवाल्याला काज, हेमवाल्याला हेम. कापड बेतणं आणि कापणं मात्र एकट्या वस्तादाच्या हातात. परीक्षेत श्रमविभागणीचे फायदे विचारले होते. ते मी लिहिले आणि पासही झालो.

"आनि कटिंगला बसला की वस्ताद आमाला च्या आणायला धाडायचा," टेलरकाका सांगायचे. "सात वर्सं च्या आणला बघा."

"मग कटिंग शिकलात कसे?" वडिलांनी विचारलं.

"रातच्याला दुकानातच निजायचो. गिऱ्हाइकाचा कोट दुरुस्तीला आला की उसवायचा, कागदावर पसरायचा, कडंनं पेन्सिल फिरवायची, आनि उजाडायच्या आत परत शिवून खुंटीला. उसवल्याबिगर काय बी कळत न्हाई, साहेब."

आता बघा. ज्या गुरुमुखातून मिळणाऱ्या विद्येचं आपण एवढं माहात्म्य सांगतो, ती या गुरूनं चहाच्या किटलीआड लपवून ठेवलेली होती. शिष्यानं ती रात्री चोरली. वस्तादालाही मी फार दोष देत नाही. सगळ्या पोरांना कटिंग आलं तर समोरच सात दुकानं उघडणार, हे त्याला दिसत होतं. त्याच्याही घरी चूल होती. पण मग ज्याला वस्तादाचं दुकानच बंद आहे त्यानं काय करायचं? गावगाड्यात शिंपी अलुतेदारांत मोडायचा. शिंप्याचं ते शिंप्याच्या पोरानं, सुताराचं ते सुताराच्या पोरानं. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातली बलुतेदारी मोडली आणि ज्याला जो धंदा करावासा वाटेल त्याला तो करायची वाट मोकळी केली. फार मोठं काम झालं. पण कायद्यानं दार उघडतं. आत गेल्यावर कात्री कुठून फिरवायची ते कायदा सांगत नाही. ते सांगायला कुणीतरी लागतो, आणि तो चहाला धाडतो.

मराठी घरांत ज्यांचं नाव शिवणाच्या मशीनइतकंच माहीत आहे त्या झारापकरांच्या पुस्तकाचं नावच 'झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग'. नावातच सगळं आलं. वस्ताद ज्या वेळी पोरांना बाहेर घालवायचा, नेमकी ती वेळ या माणसानं छापून बाजारात ठेवली. कुणीही यावं, पैसे टाकावेत आणि छातीच्या मापाचा चौथा हिस्सा काढून त्यात किती इंच मिळवायचे ते बघावं. मला यात एक प्रकारचं औदार्य दिसतं. स्वतःचं पोट ज्या गोष्टीवर आहे ती गोष्ट छापून टाकणं सोपं नाही. आमच्या धंद्यात कुणी तिजोरीच्या कुलपाची आकृती छापत नाही.

आणि बायकांचं काय? पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन काढलं, तिथे बायकांना शिवण शिकता येऊ लागलं. पण सेवासदन पुण्याला आणि आमची आई मंगळवार पेठेत. टेलरकाकांच्या दुकानात फळीवर बसून शिकायला काकांची ना नव्हती, आईला नको होतं असंही नाही. तशी पद्धत नव्हती. पद्धत ही गोष्ट कुणा एकानं पाडलेली नसते, त्यामुळे तिच्याशी भांडायला गेलं तर दार कुणाचं ठोठवायचं तेच कळत नाही. पुस्तक मात्र स्वयंपाकघरात येतं. दुपारी दोनला, भांडी विसळून झाल्यावर, ओल्या हातांनी उघडलं तरी चालतं. तुम्ही कोण, कुणाच्या, किती शिकलेल्या, असलं काही ते विचारत नाही. चुकलं तर बोटावर गज मारत नाही. चुकलं हेही सांगत नाही, हा भाग वेगळा.

आईचं पुस्तक मसाल्याच्या डब्यामागे असायचं. त्याचं मुखपृष्ठ आमच्या घरी येण्याआधीच गेलेलं होतं, त्यामुळे लेखिकेचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. धावदोरा, उलटी टीप, हेम, साखळी टाका, गहू टाका असं करत ती आमच्या चड्ड्यांपर्यंत आली. मशीन हप्त्यानं घेतलेलं. शिवणाचं मशीन आणि हप्ता यांचं नातं जुनं आहे. सिंगर कंपनीनं अमेरिकेत १८५०च्या दशकातच मशीनं हप्त्यानं विकायला सुरुवात केली होती. यंत्रांवर रोष असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली बोलताना सिंगरच्या मशीनला सूट दिली. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं ते शोधलं, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. (इतिहासात बघावं तर सिंगरसाहेबांचे एकाच वेळी एकाहून जास्त संसार चालू होते आणि मुलं वीसच्या वर. प्रेमाबद्दल गांधीजींचा तर्क चुकला असं म्हणवत नाही. फक्त ते मोजायला थोडे कमी पडले.)

समोरच्या बिऱ्हाडात एक काकू राहायच्या. १९८६च्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले. गुजरीतल्या एका पेढीवर ते लिहायला होते, आणि पेढीवर लिहिणाऱ्याला पेन्शन नसते. दोन मुली, धाकटी बालवाडीत. दिवाळीच्या सुमारास काकूंनी जुनं मशीन मिळवलं, आईचं पुस्तक मागून नेलं आणि ब्लाऊज शिवायला घेतले. गल्लीतल्या बायकांनी सभा भरवली नाही, ठराव केला नाही. पण कोपऱ्यावरच्या लेडीज टेलरकडे जाणारं कापड त्या महिन्यापासून काकूंकडे जायला लागलं.

आता पुस्तकातली बाई कशी असते ते आठवा. ताठ उभी, मान सरळ, दोन्ही हात खाली सोडलेले. तिला दोरीवर पातळ वाळत घालायचं नसतं, फळीवरचा डबा काढायचा नसतो. तिच्यासाठी बाही बेतली की बाहीचा वरचा गोल चांगला उंच येतो, आणि हात खाली असताना ब्लाऊज चित्रासारखा बसतो, एक सुरकुती दिसणार नाही. पण तो गोल जितका उंच, तितकं हात वर करायला खाली कापड कमी. हात वर केला की हात जात नाही, ब्लाऊज येतो. यावर नवशिक्याला पहिला उपाय सुचतो तो म्हणजे मुंढा आणखी खोल कापायचा. तसं केलं की दुखणं वाढतं, कारण बाही जितकी खाली जोडलेली तितकं ती हाताबरोबर सगळं अंग ओढते. काकूंनी तोच उपाय केला. पुस्तकात याबद्दल एक अक्षर नव्हतं. आकृती होती, आणि आकृतीतली बाई सुखात होती.

त्या वर्षी आमच्या गल्लीत काय काय झालं म्हणून सांगू! के.एम.टी.च्या बसमध्ये वरची दांडी धरता येईना, त्यामुळे बायका एकमेकींना धरून उभ्या राहायला लागल्या. देवळातली घंटा वाजवायला पोरं पुढे केली जाऊ लागली. अंगणातल्या वाळत घालायच्या दोऱ्या वीतभर खाली आल्या, आणि माझे वडील सकाळी तोंड धुवायला निघाले की एक-दोन पातळांत अडकून मगच न्हाणीपर्यंत पोचत. पुढच्या भाद्रपदात गौरीच्या रात्री झिम्मा झाला, पण तो कमरेच्या वर काही गेला नाही. आणि हे सगळं सोसून दर नवीन ब्लाऊज आणायला गेलेली बाई दारातच म्हणायची, "छान बसलाय हो काकू!"

हे खोटं होतं. खोटं म्हणजे अगदी शिलाई मोजून देऊन बोललेलं खोटं. यावर विचारवंतांचं मत घ्यायचं तर कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ साली स्पष्ट लिहिलंय की खोटं कधीही बोलू नये. मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन तो घरात आहे का म्हणून विचारत असला तरी नाही. कांट जन्मभर अविवाहित राहिले, हे इथे नोंदवून ठेवतो. आपल्याकडे धर्मराजांनी अश्वत्थाम्याच्या प्रकरणात अर्धंच खोटं बोलून पाहिलं, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. आमच्या गल्लीतल्या बायकांना ती भीती नव्हती. त्यांचे हात आधीच खाली होते.

पण चेष्टा राहू द्या. खरं बोलायचं तर बोलणार कसं? नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, हातात कात्री धरायला अजून भीती वाटते, अशा बाईला कुणी 'काकू, मुंढा धरतो' म्हटलं असतं, तर त्यांनी मशीनवर चादर टाकली असती आणि कुणाकडे तरी पोळ्या लाटायला गेल्या असत्या. हे सगळ्यांना कळत होतं. आणि न बोलण्यातली खोटही तेवढीच मोठी. वस्तादाचा गज बोटावर पडायचा, पण त्या गजानं खरं सांगितलेलं असायचं. गल्लीच्या मायेनं काकूंचा मुंढा जन्मभर तसाच राहिला असता. मग दोन वर्षांनी, सहानुभूती आटल्यावर, बायका हळूहळू लेडीज टेलरकडे परत गेल्या असत्या आणि काकूंना का ते कधी कळलं नसतं. दयेपोटी बोललेलं खोटं माणसाला उपाशी ठेवतं, पण उशिरा ठेवतं, एवढाच काय तो फरक.

आणि खर्चाचं म्हणाल तर : वस्तादाकडच्या शिक्षणाचा खर्च पोरानं दिला, सात वर्षं आणि बोटांची पेरं. पुस्तकावरच्या शिक्षणाचा खर्च आमच्या गल्लीनं काखेत भरला. लेडीज टेलरच्या नावे किती मांडायचे ते मात्र कुणीच बघितलं नाही. त्यालाही दोन मुलं होती. पुढच्या वर्षी त्यानं दुकान हलवलं, एवढंच मला आठवतं. गल्लीनं पुण्य केलं तेव्हा काही रक्कम त्याच्या खिशातून गेली, आणि मंगळवार पेठेत आजही तो विषय कुणी काढत नाही.

गौरी-गणपती उरकल्यावर वडील एकदा पुस्तक काखोटीला मारून टेलरकाकांकडे गेले. टेलरकाकांनी आकृती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"पुस्तक झकास हाय," ते म्हणाले. "पर साहेब, ह्यातली बाई हात वर करती का कुठं? बघा की."

"मग काय करायचं?"

"ते सांगून न्हाई समजायचं."

म्हणजे पुन्हा चहाच आणायला धाडलं. वडिलांनी घरी येऊन हा संवाद जसाच्या तसा सांगितला. आई काही बोलली नाही. रात्री आमची निजानीज झाल्यावर तिनं वडिलांचा नेहरू शर्ट काढला, टेलरकाकांच्या हातचा, आणि ब्लेड घेऊन बाही उसवली. काखेत तिला तीन-साडेतीन इंचांचा एक चौकोनी तुकडा सापडला, पतंगासारखा तिरका बसवलेला. हात खाली असला की तो दुमडून काखेत नाहीसा होतो, हात वर केला की उलगडतो. अंगात घालणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. वडिलांनी वीस वर्षं नेहरू शर्ट घातला होता आणि सकाळी त्यांचं म्हणणं पडलं की असा तुकडा आपल्या शर्टाला नसतोच. (शर्ट पुन्हा जोडला गेला, पण त्यानंतर वडील तो फक्त देवपूजेपुरता घालत.)

आईनं काकूंनी शिवलेल्या आपल्या ब्लाऊजची काख उसवली, उरलेल्या कापडाचे लहान चौकोन कापून दोन्ही बाजूंना बसवले, हात वर करून आरशासमोर उभी राहिली, आणि मग खाली बसून त्या ब्लाऊजचे हूक काढून टाकले. दुसऱ्या दिवशी तो ब्लाऊज माझ्या हातात देऊन म्हणाली, "काकूंना म्हणावं, हूक तेवढे लावून द्या."

हूक लावणं आईला डोळे मिटून येत होतं.

पुढे मोठा झाल्यावर मी तिला दोनदा विचारलं, की हे तू मुद्दाम केलंस ना? दोन्ही वेळा ती म्हणाली, "हूक सैल झाले होते." त्या दिवशी काकूंनी ब्लाऊज उलटा केला, काखेशी आल्या, थांबल्या. आपला टाका शिवणाऱ्याला अक्षरासारखा ओळखू येतो, दुसऱ्याचाही येतो. त्यांनी मला लाडू दिला आणि खेळायला पिटाळलं. संध्याकाळी हूक लावलेला ब्लाऊज घरी आला. शिलाई घेतली नाही. पुढच्या आठवड्यापासून काकूंच्या प्रत्येक ब्लाऊजच्या काखेत चौकोन होता. अंगणातल्या दोऱ्या पुन्हा वर गेल्या. दोन्ही मुलींची शिक्षणं आणि लग्नं त्या मशीनवर झाली. आई आणि काकू यांच्यात या विषयावर आजपर्यंत एक शब्द झालेला नाही.

आईनं केलं ते खरं सांगणं म्हणायचं की नाही, याचा निकाल माझ्यानं होत नाही. खोटं तर ती एकदाही बोलली नाही, हुकांचं सोडल्यास. आणि तो चौकोन नेमका कुणाचा? पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा नव्हे, त्यांच्या आकृतीत तो नाहीच. टेलरकाकांचा म्हणावा तर त्यांनी तो कुणाच्या तरी जुन्या कोटासारखाच रात्री चोरून पाहिलेला असणार. वस्तादाचा म्हणावा तर त्यालाही कुठल्या तरी वस्तादानं चहा आणायला धाडलेलं असणारच. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आमच्याकडे सस्पेन्स खात्यात टाकतात आणि मार्चअखेर जवळ आला की मॅनेजर त्यावरून ओरडतात. हे खातं मी अजून मिटवलेलं नाही.

टेलरकाकांनी आपल्या मुलाला शिवण शिकवलं नाही, बी.कॉम. केलं. आता मोबाईलवर शिवण शिकवणाऱ्या बाई दिसतात, त्या हात वरही करून दाखवतात, म्हणजे सुधारणा आहे. आईचं पुस्तक अजून आमच्याकडे आहे. बाहीच्या पानावर, आकृतीतल्या त्या सुखी बाईच्या काखेशी, आईनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय : 'इथे चौकोन. २ इंच.' त्याखाली काकूंच्या ठसठशीत अक्षरात : '२॥ पाहिजे. जाड अंगाला ३.'

पुस्तक परत आल्यावर हे वाचून आई दोन दिवस काकूंकडे फिरकली नव्हती. कारण तोपर्यंत चौकोन लावलेला ब्लाऊज गल्लीत एकटीनंच घातलेला होता, आणि मापही तिचंच होतं.